दुसऱ्या जामिनाचा शिक्का

एर्मिनियाबाईंचा फोन आला तेव्हा गिउंग तालमीत पोत्यावर ठोसे मारत होता. फोन वस्तादांनी उचलला. दोनदा हॅलो-हॅलो केलं, पलीकडची भाषा ओ की ठो कळेना, तेव्हा रिसीव्हर कानापासून लांब धरून ते ओरडले, "अरे ए पाराग्वे! तुझ्या मुलखातलं कुणीतरी रडतंय इकडं!"

तालमीत सगळे त्याला पाराग्वेच म्हणायचे. छन गिउंग हे नाव फक्त सामन्याच्या पत्रकावर. जन्म पाराग्वेच्या राजधानीतला, असुन्सिओनचा. अकरा वर्षांचा असताना आजारी आई त्याला घेऊन कोरियातल्या मासानला माहेरी आली, वर्षभरात गेली, आणि तो इथंच राहिला. त्याच्याहून चार वर्षांनी मोठी बहीण, सेर्योन, बापाच्या कपड्याच्या दुकानात मदतीला म्हणून तिकडंच राहिली होती. पुढं बापही गेला. आता तिकडं त्याचं म्हणावं असं ते एकच माणूस होतं.

एर्मिनियाबाई आधी बापाच्या घरी आणि आता सेर्योनच्या घरी स्वयंपाक करायच्या. गिउंगची स्पॅनिश तेरा वर्षांत गंजून गेली होती, तीन शब्दांतला एक कळत होता. पण कळले तेवढे पुरे होते. इस्त्री. उजवा हात. दोन बरगड्या. दाजींनी, म्हणजे हान जेसॉपनं, तिचा पासपोर्ट दुकानाच्या तिजोरीत ठेवून दिला होता. तिनं तिजोरीच्या किल्लीला हात लावला. मग त्यानं तो हात कपड्यांच्या टेबलावर पालथा दाबून धरला, वर तापलेली इस्त्री ठेवली आणि मोठ्यानं दहापर्यंत आकडे मोजले. हे आकडे एर्मिनियाबाईंनी फोनवर एक-एक करून मोजून दाखवले. लहानपणी तेच आकडे त्यांनी गिउंगला शिकवले होते.

त्यानं फोन ठेवला. हातमोजे काढून बाकावर टाकले आणि नुसत्या मुठींनी पोत्याला मारायला लागला. पोत्याच्या कातड्यावर लाल ठसे उमटायला लागले तसे बाकीचे थांबून बघू लागले. कुणी जवळ गेलं नाही. शेवटी वस्तादांनी मागून येऊन त्याच्या कमरेला मिठी घातली.

"कोण मेलं?"

"अजून कुणी नाही," गिउंग म्हणाला, आणि फोनवर ऐकलेलं सगळं, मोजलेल्या आकड्यांसकट, त्यांना सांगितलं.

त्याचा बेत सरळ होता. जायचं, जेसॉपला गाठायचं, आणि तो हलायचा थांबेपर्यंत मारायचं. त्यापुढचा विचार त्यानं केला नव्हता. करायची गरजही वाटली नव्हती.

अडचण निघाली ती कागदांची. एप्रिलमध्ये त्याला सैन्यात हजर व्हायचं होतं. सेवा बाकी असलेल्या तरण्या माणसाला परवानगीशिवाय देशाबाहेर जाता येत नाही, हे त्याला ऐकून ठाऊक होतं. पण त्याच्याकडं तर दोन पासपोर्ट होते. दुसऱ्या दिवशी भरती कचेरीत त्यानं दोन्ही टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. टेबलापलीकडं कुक जॉन्गए नावाच्या बाई होत्या, चाळिशीच्या, सर्दी झालेल्या.

"हा पाराग्वेचा," तो म्हणाला. "मी याच्यावर जातो. मग तुमची परवानगी लागायचं कारणच काय?"

कुकबाईंनी तो पासपोर्ट उघडलासुद्धा नाही. बोटानं त्याच्याकडं परत सरकवला. "तुमचं नाव इथल्या घरनोंदणीत आहे ना?"

"आहे."

"झालं तर मग. या मातीवर उभे आहात तोवर तुम्ही आमचेच. दुसरा पासपोर्ट तिकडं उतरल्यावर दाखवा, ओवाळून घेतील. इथून निघताना मात्र खिडकीवरचा माणूस यंत्रात नाव घालणार, 'सेवा बाकी' असं येणार, आणि तुम्ही बॅगेसकट परत. दोघांचे लाडके असलात तरी निघताना एकाच आईला विचारावं लागतं."

त्यांनी अर्ज काढला. कुठं जायचं, किती दिवस, कारण काय. खाली दोन जामिनांच्या जागा. हा माणूस परत येईल, नाही आला तर आम्ही जबाबदार, असं दोघांनी लिहून द्यायचं आणि सहीऐवजी आपला नोंदलेला शिक्का मारायचा. "दोघांपैकी एक रक्ताच्या नात्यातला पाहिजे. दोन देशांचे असलात की हे आम्ही जरा कडकच बघतो. तिकडंच राहून गेलेले पुष्कळ आहेत."

"रक्ताचा एकच आहे," गिउंग म्हणाला. "मामा."

"मग अडचण कसली?"

त्यानं भरलेला अर्ज पुढं सरकवला. बाईंनी कारणाच्या रकान्यात डोकावून बघितलं. 'बहिणीची भेट' एवढंच त्यानं लिहिलं होतं. मग त्यांची नजर त्याच्या सोललेल्या बोटांवर गेली.

"हे काय झालं?"

"बॉक्सर आहे मी."

"हातमोजे घालत नाही का तुम्ही लोक?" असं म्हणून बाईंनी नाक पुसलं आणि पुढच्याला हाक मारली.

पहिला जामीन मिळवणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. वस्ताद मा दॉकग्यू एक्कावन्न वर्षांचे, एका कानानं बहिरे, एकेकाळचे प्रांताचे विजेते. अठराव्या वर्षी मामाच्या घरातून पळून आलेल्या गिउंगला त्यांनीच तालमीच्या माळ्यावर झोपायला जागा दिली होती. त्यांनी अर्ज चष्मा लावून दोनदा वाचला.

"जाऊन काय करणार?"

"बहिणीला भेटणार."

"माझ्या चांगल्या कानात सांग."

"ठार मारणार आहे त्याला."

वस्तादांनी चष्मा काढून खिशात घातला. "परत येण्याचा जामीन मी राहतोय, खुनाचा नाही. चल, रिंगणात ये. तीन फेऱ्या. तिसऱ्या घंटेला तुझे हात थांबले, तर शिक्का मारतो."

"वस्ताद, तुमचं वय—"

"माझं वय माझ्याजवळ आहे. तू हातमोजे चढव."

पहिली फेरी त्यानं वस्तादांचा मान राखून खेळली. वस्तादांनी मात्र त्याचा मान राखला नाही. एक डावा यकृतावर असा बसवला की त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. "असं गोंजारणार होय रे त्याला?" ते म्हणाले. "तिकडं तुझा दाजी इस्त्री धरून उभा असेल, आणि तू नाचत बस!" दुसऱ्या फेरीत त्यांनी इस्त्री हा शब्द चारदा उच्चारला. तिसरीत त्यांनी तोंडानं आकडे मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.

पाचपर्यंत गिउंगला समोर वस्ताद दिसत होते. त्यानंतर दिसेनासे झाले. त्यानं उजवा मारला, डावा मारला, पुन्हा उजवा. मऊ काहीतरी फुटलं. घंटा वाजली ती त्याला स्पष्ट ऐकू आली, आणि ऐकूनही त्यानं आणखी चार ठोसे मारले. तिघांनी मिळून त्याला मागं ओढलं तेव्हा वस्ताद दोरांना पाठ लावून बसले होते. भुवई उघडी पडली होती आणि रक्त डोळ्यातून गालावर, गालावरून छातीच्या पांढऱ्या केसांत उतरत होतं.

"घंटा ऐकलीस?"

"ऐकली."

"मग?"

गिउंग गुडघ्यांवर बसला. आपण वस्तादांना मारलं याचं दुःख त्याला झालंच. पण त्याच्या खाली, पोटाच्या तळाशी, बरं वाटत होतं. आणि त्या बरं वाटण्याची त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

भुवईला सहा टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर वस्तादांनी कपाटातून शिक्का काढला, लाल शाईत दाबला आणि पहिल्या जामिनाच्या जागी मारला.

"मी हरलो ना पैज," गिउंग म्हणाला.

"हरलास. पण तुला इथं अडवून ठेवला तर तू इथंच कुणाचा तरी जीव घेशील. निदान तिकडं जाईपर्यंत दोन दिवस विमानात बसशील. बसून डोकं थंड झालं तर झालं." मग फुगलेल्या ओठानं कसंबसं हसत ते म्हणाले, "आणि परत ये. म्हाताऱ्याला तुझ्यापायी कचेऱ्यांत फिरायला लावू नकोस."

आता राहिला मामा.

प्यो ग्वांगशिक मासानच्या मासळीबाजारात ईल, म्हणजे सापासारखी लांबट वाम मासळी, सोलायचा. जिवंत ईल पाण्यातून उचलायची, डोक्यात खिळा ठोकून फळीला टांगायची, मानेखाली चीर द्यायची आणि सालडं एका झटक्यात शेपटीपर्यंत ओढून काढायचं. सोललेलं अंग मग कितीतरी वेळ वळवळत राहायचं. मामाइतका झटपट हात बाजारात कुणाचा नव्हता. तोच हात घरीही चालायचा. बाराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत गिउंगनं तो खाल्ला होता, पट्ट्यानं, बुटानं, एकदा बर्फ फोडायच्या हातोड्याच्या दांड्यानं. त्या दांड्यानं मोडलेलं मनगट आजही थंडीत दुखायचं. पण मार खाताना त्याला एक ठाऊक असायचं. आपल्याला पडतोय तोवर मामीला पडत नाही. तो पळाला, तेव्हा हेही ठाऊक असूनच पळाला होता.

सहा वर्षांनी तो बाजारात त्या फळीपुढं उभा राहिला. मामानं वर बघितलं नाही.

"पाराग्वेचे राजदूत आले वाटतं."

"मामा, एका कागदावर शिक्का हवाय."

"मामा आठवला! दोन्ही डगरींवर हात ठेवणारी अवलाद. तुझा बापही तसाच होता. इकडं लष्कर नको, तिकडं कर नको." त्यानं एका ईलच्या डोक्यात खिळा ठोकला. "पळून जाणार आणि पोलीस माझं दार वाजवणार."

"ताईला नवरा मारतोय. हात भाजलाय तिचा."

मामाचा सुरा थांबला नाही. "काहीतरी केलं असेल तिनं."

गिउंगनं हात कोटाच्या खिशात घालून ठेवले होते. ते तिथंच राहू दिले. "मामा," तो म्हणाला, "मी पाया पडतो." आणि त्या ओल्या, खवल्यांनी भरलेल्या फरशीवर त्यानं खरोखर गुडघे टेकून डोकं लावलं. आजूबाजूच्या मासळीवाल्या बायका बघत होत्या. मामाला ते आवडलं.

"रविवारी दुपारी घरी ये," तो म्हणाला. "जेवायला."

रविवारी घरात काही बदललेलं नव्हतं. तेच बुटकं टेबल, तीच कुबट भिंत. मामी ओकबुन मात्र अर्धी झाली होती. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळली होती. तिनं गिउंगला बघितलं, "वाळलास," म्हणाली, आणि लगेच चुलीकडं वळली.

मामानं त्याला सोजूची दारू ओतायला लावली. वाकून, दोन्ही हातांनी. तीन पेले झाले. मग अर्ज मागून घेतला आणि बाईच्या साडीचा पोत बघावा तसा चिमटीत धरून बघितला. "ए, शिक्का आण!"

मामीनं लाकडी डबी आणून ठेवली. शाईची गादी वाळली होती. तिनं पटकन तिच्यावर दोन थेंब तेल सोडलं. एक थेंब टेबलावर पडला. कागदापासून वीतभर लांब.

मामाचा हात उलटा गेला. त्याच्या मुठीत शिक्का होता. तो मामीच्या गालफडावर बसला तसा 'टक' असा आवाज आला. ती भिंतीवर आदळली, खाली बसली, आणि तिनं तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही.

गिउंग बसून राहिला.

टेबलावर कागद होता, आणि दुसऱ्या जामिनाची जागा कोरी होती. एक शिक्का, तो मनाशी म्हणत होता. एकच. मग मी इथून जातो, ताईकडं जातो. ताईच्या हाताचं काय झालं असेल. एक शिक्का. त्याचे डोळे कागदावरून हलले नाहीत.

मामानं शिक्का शाईत दाबला. नेमानं, नीट, गोल उमटेल असा मारला. फुंकर घालून वाळवला. "घे. मामाची आठवण ठेव."

गिउंगनं कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला. वाकून नमस्कार केला. दारात जाऊन बूट चढवायला लागला. एक पाय गेला, दुसरा गेला. नाडी बांधायला तो वाकला, आणि मागून मामाचा आवाज आला, "चार पैशांचं तेल सांडतेस! पाहुण्यासमोर!" मग भांडं लागल्यासारखा जड आवाज. मग मामीचा. तो रडण्याचा आवाज नव्हता. छातीतली हवा एकदम निघून जावी तसा होता.

दार उघडंच होतं. बाहेर ऊन होतं. कागद खिशात होता. दोन्ही शिक्क्यांचा.

तो बुटांसकट आत आला.

मामा पितळी डाव घेऊन उभा होता. वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, कारण या घरात बूट घालून कुणी आत येत नसे. पहिला ठोसा जबड्याच्या सांध्यावर बसला. काम तिथंच संपलं होतं. रिंगणात पंचानं थांबवलं असतं. मामा पडता पडता गिउंगनं त्याला कॉलरला धरून उभा केला आणि डाव्यानं बरगड्यांत मारलं, एक, आणि दुसरी बरगडी मोडल्याचं हाताला कळलं तरी मारलं. टेबल मोडलं. सोजू सांडली. मामा सुऱ्याच्या फळीकडं सरपटत गेला. गिउंगनं त्याच्या हातावर बूट ठेवला आणि पूर्ण वजन दिलं. तोच हात. मग त्याच्या छातीवर बसून तो तोंडावर मारू लागला, आणि मारता मारता आपण मोठ्यानं आकडे मोजतोय हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. एक. दोन. तीन. एर्मिनियाबाईंच्या भाषेत.

"बास!" मामी ओरडत होती. "अरे बास! मरेल तो!"

तिनं त्याचा दंड धरला. तो तिला ओढत तसाच मारत राहिला. सातवर आला तेव्हा मामीनं चुलीवरच्या भाताच्या भांड्याचं ओतीव लोखंडी झाकण उचललं आणि दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यात घातलं.

शुद्धीवर आला तेव्हा तो कुशीवर पडला होता आणि केसांतून रक्त कानात चाललं होतं. मामा घरघरत होता, म्हणजे जिवंत होता. मामी दोघांच्या मधोमध, झाकण मांडीवर घेऊन बसली होती. दोघांपैकी जो आधी उठेल त्याला पुन्हा हाणायच्या तयारीनं.

पोलीस आले. जबडा तीन ठिकाणी, बरगड्या चार, एका डोळ्याची नजर कायमची अधू. बॉक्सरच्या मुठीला कायदा साधी मूठ समजत नाही. गिउंगला त्याच दिवशी आत घेतलं. त्याचा परवाना गेला, एप्रिलमधली भरती लांबली. खिशातला अर्ज, कपडे जमा करताना, मामीच्या हातात पडला.

पुढं काय झालं ते त्याला पंधरा दिवसांनी कळलं, मामी भेटीला आली तेव्हा. काचेच्या पलीकडं बसून तिनं आधी त्याच्या डोक्यावरची खोक बघितली, मग स्वतःच्या पिशवीतली संत्री पहारेकऱ्यानं ठेवून घेतल्याची तक्रार केली, आणि मग म्हणाली, "मी गेले होते त्या कचेरीत."

"कुठल्या?"

"तुझ्या कागदाच्या. म्हटलं दोन्ही शिक्के आहेत, निदान अर्ज तरी आत जाऊ दे. रक्ताचे डाग पडले होते, ते मी मिठाच्या पाण्यानं काढले."

"मामी! खटला चालू असलेल्या माणसाला कोण सोडतं?"

"तेच त्या बाई म्हणाल्या. सर्दी झालेल्या. म्हणाल्या, आजी, हा आता विसरा. मग मला रडू आलं. घरी कधी येत नाही, तिथंच आलं, सगळ्या लोकांसमोर. म्हटलं, मग त्या पोरीचं काय? तिला तिकडं मरू द्यायचं का? बाईंनी खिडकीवर पाटी लावली आणि मला आत बसवलं. सगळं विचारलं. मग म्हणतात कशा, 'अहो, त्या मुलीचं नाव इथल्या नोंदणीत आहे का?' म्हटलं, आहे की, आईनं दोघांची घातली होती. तर म्हणाल्या, 'मग हा मुलगा तिकडं जायची खटपट का करतोय? तीही याच्यासारखीच दोन्हीकडची आहे. फरक एवढाच की तिला सैन्यात जायचं नाही. तिला आमची परवानगी लागत नाही, जामीन लागत नाहीत.'"

गिउंग काचेजवळ सरकला. "पण तिचा पासपोर्ट तिजोरीत आहे."

"तो तिकडचा! इकडचा तिनं कधी काढलाच नव्हता. म्हणून तर ती बसून होती, तिला वाटायचं तोच एक. बाई म्हणाल्या, तिकडं आपली वकिलात आहे. स्वतः जाऊन उभी राहिली आणि इथून नोंदणीचा उतारा गेला, तर एकदा घरी येण्यापुरता कागद देतात. नवऱ्याला विचारत नाहीत." मामीनं वाकडी बोटं काचेवर टेकवली. "पोरीला फोन मी केला. उतारा मी काढला. वकिलातीला फॅक्स पण मी केला. उलटा घातला होता पहिल्यांदा. पलीकडं कोरी पानं गेली."

खटल्यात दहा महिन्यांची शिक्षा झाली. मामीला साक्षीला बोलावलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, या दिवशी आधी हात कुणी उचलला? मामी म्हणाली, "या दिवशीचं विचारताय की पहिल्यापासूनचं?" आणि मग उभ्या उभ्या सव्वीस वर्षांचं सांगत सुटली, कुठल्या वर्षी कुठलं हाड, कुठल्या सणाला कुठला दात. मामा वायरनं बांधलेल्या जबड्यानं मागं बसला होता. काही बोलू शकत नव्हता. तरीही त्याच मामाला इस्पितळात चाळीस दिवस नळीनं पेज पाजायला तीच जात होती. पुढच्या भेटीत हे कळलं तेव्हा गिउंगनं काचेवर हात आपटला.

"कशाला, मामी? कशाला?"

"तोंड तू मोडलंस. भरवायला कुणीतरी हवं ना. काल डॉक्टरनं वायर काढली." ती उठता उठता म्हणाली, "घराची किल्ली त्याच्या उशाशी ठेवून आले. मी आता बाजारापलीकडं खोली घेतलीय."

फेब्रुवारीत त्या खोलीत दुसरी गादी आली.

त्या दिवशी भेटीला दोघी आल्या. सेर्योनला त्यानं तेरा वर्षांत फोटोतच बघितलं होतं. ती आईसारखी दिसत होती आणि केस एका बाजूला मुळापासून गेले होते. बसल्या बसल्या तिनं सांगितलं, कोरियन आणि स्पॅनिश सरमिसळ करत. वकिलातीच्या कोपऱ्यावर जेसॉपनं तिला गाठलं होतं. केसांना धरून फरफटत गाडीकडं नेत होता. एर्मिनियाबाईंनी त्याच्या मनगटाचा चावा घेतला आणि सोडलाच नाही. तो त्यांच्या डोक्यात बुक्क्या घालत होता, त्या दात रोवून लोंबकळत होत्या. तेवढ्यात दाराचा पहारेकरी धावला.

"त्यांचे पुढचे दोन दात गेले," सेर्योन म्हणाली. "पण त्याच्या मनगटाची शीर तुटली. गाडीच्या दारावर, माझ्या कपड्यांवर, सगळीकडं रक्त. मी तशीच आत गेले आणि खिडकीवर नाव सांगितलं. नोंदणीतलं. आईनं ठेवलेलं."

"आणि त्या?"

"मुलीकडं गेल्या, गावी. तुला निरोप दिलाय, तुझी स्पॅनिश भयंकर आहे म्हणून."

"हात दाखव."

तिनं दाखवला. पंज्याच्या पाठीवर इस्त्रीचं टोक स्पष्ट उमटलं होतं, चकचकीत, गुलाबी. तीन बोटं मिटत नव्हती.

"येऊन काय करणार होतास रे?"

"मारणार होतो त्याला."

"आणि मग मी दर रविवारी तिकडच्या तुरुंगात डबा घेऊन यायचं. तिथं बससुद्धा जात नाही, गाढवा!" ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मामीनं पदराच्या टोकासारखं आपल्या स्वेटरची बाही पुढं केली. सेर्योननं बाहीला नाक पुसलं.

वेळ संपत आली होती. गिउंगच्या मनात एक गोष्ट तीन महिने सलत होती. ती सेर्योनसमोर सांगायची त्याला लाज वाटत होती. पण पुन्हा धीर होईल याची खात्री नव्हती.

"मामी," तो म्हणाला, "पहिल्यांदा मारलं तेव्हा मी उठलो नाही. बसून राहिलो. शिक्क्यासाठी."

मामीनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या गालफडावर अजून एक बारीक गोल खूण होती.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मीही शिक्क्यासाठीच ओरडले नाही."

पहारेकऱ्यानं नावं पुकारली. सेर्योनला उठताना बरगडीत कळ आली. मामीनं तिच्या काखेखाली हात घातला. दोघी दरवाज्यापर्यंत हळूहळू गेल्या, आणि तिथून मामी वळून ओरडली, "आतलं सूप पीत जा! नुसता भात गिळत बसू नकोस!" पहारेकऱ्यानं तिला दटावलं. तिनं त्यालाही काहीतरी सुनावलं. काय ते गिउंगला ऐकू आलं नाही. दार लागलं होतं.